कापणीत सापडलेली उंदरीण आणि तिची पिल्ले

सरद भाताची कापणी ऐन भरात आली म्हणजे आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. बांधाच्या कडेने विळा चालवताना किंवा पेंढ्याची उडवी हलवताना गवताचा एक गोळा उकलतो. आत करंगळीच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली पाच-सहा पिल्ले वळवळत असतात आणि त्यांची आई घाबरून तिथेच घिरट्या घालते. मोठी माणसे म्हणतात, "द्या मांजराला." मुले रडू लागतात. शेवटी ते घरटे आईसकट टोपलीतून घरी येते, आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर आम्हांला विचारले जाते : आता यांचे काय करायचे?

प्रश्न लहान दिसतो, पण हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उंदराच्या मूत्रातून येणाऱ्या तापाने धडधाकट माणूस दगावू शकतो आणि आपल्या पेडणे-डिचोलीच्या ओल्या शेतांत त्या तापाला मोकळे रान मिळते. दुसऱ्या बाजूला, असहाय जीव पाहून मुलाच्या मनात उपजणारी दया ही देवाची देणगी आहे. ती हिसडून टाकायची नसते. घरच्यांचे आरोग्य आणि मुलांची दया ही दोन्ही सांभाळता येतात. मात्र त्याला रीत आहे नि मुदत आहे. फार तर साडेतीन आठवडे, तेही घराबाहेर, आणि मग परत रानात. यापलीकडे कोणी जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी एका शंकेचे निरसन केले पाहिजे. "वर्षभर आम्ही पिंजरे लावतो, मग त्याच उंदराला आता पाहुणचार कशाला?" असे पुष्कळ शेतकरी विचारतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. शापोरा आणि तेरेखोल या नद्यांकाठच्या खाजनांत खेकडे नि उंदीर बांध पोखरतात. एका बिळातून भरतीचे खारे पाणी आत शिरले तर सबंध हंगाम हातचा जातो. पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा सहावा अध्याय पाहा. पलिष्टी लोकांनी कराराचा कोश परत पाठवताना सोन्याचे पाच उंदीर करून सोबत दिले, ते देशाची नासाडी करणाऱ्या उंदरांची आठवण म्हणूनच. तेव्हा कोठीत शिरलेल्या उंदराला पिंजरा लावण्यात पाप नाही. आपले हिंदू शेजारी चतुर्थीला गणपतीच्या पायाशी उंदीर मांडतात आणि कणगीपाशी पिंजराही लावतात. त्यांना त्यात विसंगती वाटत नाही, आपल्यालाही वाटण्याचे कारण नाही.

परंतु पीक राखण्यासाठी मारणे वेगळे आणि समोर पडलेल्या बाळंतिणीला उगाच चिरडणे वेगळे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१८ व्या परिच्छेदात याचे मार्गदर्शन आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तिथे सांगितले आहे. आणि त्याच परिच्छेदात, माणसांचे दुःख दूर करण्यासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर खर्च करणेही योग्य नाही, असे म्हटले आहे. काही जण पहिला भाग वाचून थांबतात, काही दुसरा. दोन्ही वाचावेत. आम्ही पुढे जी रीत सांगणार आहोत तिला मूठभर धान्य, एक रिकामा डबा नि हातमोज्यांची जोडी यांपेक्षा जास्त खर्च येत नाही.

या विषयात आपल्याला एक संतही लाभलेले आहेत. पेरू देशातील लिमा शहरी १५७९ साली जन्मलेले संत मार्टिन द पोरेस यांचे वडील स्पॅनिश आणि आई गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय स्त्री. न्हावीकाम नि त्यासोबतची वैद्यकी शिकून ते डोमिनिकन मठात सेवक झाले आणि तिथल्या रुग्णालयाची सेवा त्यांनी १६३९ मध्ये मरेपर्यंत केली. परंपरा सांगते की, मठातील कपडे उंदीर कुरतडू लागले तेव्हा मठवासीयांनी विष घालायचे ठरवले. मार्टिन यांनी एक उंदीर पकडून त्याला समज दिली : सगळ्यांना घेऊन बागेच्या टोकाला जा, तुमचे अन्न मी तिथे आणून देईन. आणि ते रोज नेऊन देत राहिले. म्हणून त्यांच्या चित्रात कुत्रा, मांजर नि उंदीर एकाच थाळीत खाताना दाखवतात. पोप तेविसावे योहान यांनी ६ मे १९६२ रोजी त्यांना संतपद दिले; गोवा मुक्त होऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. त्यांचा सण ३ नोव्हेंबरला, म्हणजे बहुधा आपली मळणी चालू असतानाच येतो. या कथेतली एक गोष्ट आमच्या मनात ठसली आहे. संतांनी उंदरांना कपड्यांच्या कपाटात राहू दिले नाही. आधी बाहेर काढले आणि मग खाऊ घातले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हाती लागलेला प्राणी कोणता, हे प्रथम पाहावे. पोट पांढरट, अंग जेमतेम अंगठ्याएवढे, कान गोल नि डोळे टपोरे असतील तर तो लहान शेतउंदीर. तोंड लांब टोकदार, डोळे बारीक नि अंगाला उग्र दर्प असेल तर ती चिचुंद्री. ती उंदीर नव्हेच; ती झुरळे नि किडे खाते, म्हणून शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे. थोडी मोठी झालेली तिची पिल्ले एकमेकांच्या शेपटीच्या मुळाशी धरून आगगाडीच्या डब्यांसारखी आईमागे चालतात. तिला दाण्यावर ठेवाल तर ती उपाशी मरेल. पिल्लांसकट होती तिथेच झाकून ठेवावी. तिसरी घूस. तिच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो आणि आत कणसांचा साठा सापडतो. घुशीची पिल्ले जन्मतःच दांडगी असतात नि आई कडकडून चावते. घूस कोणी घरी आणू नये. उंदराऐवजी खवले मांजर, शेकरू असा प्राणी हाती आला तर गोष्ट निराळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बाळगणे गुन्हा आहे. लगेच वनखात्याला कळवावे. उंदीर या कायद्यात पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली.

शेतउंदीरच असेल, तरी घरी नेण्याआधी दुसरा उपाय करून पाहावा, आणि दहांतल्या पुष्कळ वेळा तोच पुरतो. हातमोजे घालून, मोज्यांना त्याच घरट्याचे गवत चोळून, सगळा गोळा जसाच्या तसा उचला आणि दहा-पंधरा पावलांवर न कापलेल्या बांधाच्या झुडपाखाली, कोरड्या सावलीत ठेवा. वर पेंढा पसरा. तांबड्या मुंग्यांची रांग जवळ नाही ना, हे मात्र नीट पाहा. मुंग्या तासाभरात पिल्लांचा फडशा पाडतात. मग तिथून दूर व्हा. माणसे गेली, यंत्राचा आवाज थांबला की आई पिल्लांना एकेक करून तोंडात धरून नव्या जागी नेते. हल्ली कापणीची मोठी यंत्रे आली आहेत. ती थेट बांधापर्यंत फिरवण्याऐवजी कडेची हातभर पट्टी शेवटी विळ्याने कापली, तर हा प्रसंगच पुष्कळदा टळतो.

घरी आणण्याची पाळी येते ती जागाच उरली नसेल तर. शेतात वायंगणासाठी पाणी घेतले, उडवी मोडून नेली, किंवा घरातल्याच ट्रंकेत, जुन्या कागदांच्या पेटीत ती व्यायली आणि पिंजऱ्यात आई सापडली, अशा वेळी. आई नि पिल्ले दोन्ही मिळाली असतील तरच पुढची रीत वाचा. आणि ज्या शेतात विषाचे आमिष टाकले आहे तिथली उंदरीण आणून काही उपयोग नाही; विषाने ती दोन-चार दिवसांत मरेल आणि मुलांना दुप्पट दुःख होईल.

पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा घ्या. वरचा पत्रा कापून कडा वळवा आणि त्यावर बारीक तारेची जाळी घट्ट बांधा. लाकडी खोका किंवा प्लॅस्टिकची बादली चालणार नाही, ती एका रात्रीत कुरतडते. जाळीचे भोक पाव इंचापेक्षा पुष्कळ लहान हवे. उंदराचे डोके जिथून जाते तिथून सगळा उंदीर जातो. तळाशी दोन-तीन इंच भाताचा तूस किंवा कोरडी माती घाला, वर मऊ पेंढा. नारळाची अर्धी करवंटी उपडी घालून तिला एका बाजूने बोटभर दार पाडा. असे अंधारे घर तिला फार आवडते. जुने घरटे जसेच्या तसे त्या करवंटीखाली सरकवा. नवा स्वच्छ कापूस घालण्याचा मोह नको, त्याचे तंतू पिल्लांच्या पायांना गुंडाळतात नि घरट्याचा वासही जातो. डबा गोठ्याच्या किंवा पडवीच्या बाहेरच्या अंगाला, सावलीत, मांजर नि साप पोचणार नाही असा टांगून ठेवा. पत्रा उन्हात तापतो, तेव्हा दुपारी ऊन कुठे येते ते आधी पाहून ठेवा. स्वयंपाकघर, धान्याची कोठी नि मुलांची झोपायची खोली या तीन जागा पूर्णपणे वर्ज्य.

पाजणारी उंदरीण एरवीच्या दुपटीहून जास्त खाते. तिला भात, नाचणी, बाजरी असे दाणे, दोन शेंगदाणे आणि दिवसाआड उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा द्यावा. काकडीची चकती दिली तर पाणीही मिळते. पाणी बाटलीच्या झाकणात, त्यात दोन खडे टाकून ठेवावे, म्हणजे पिल्लू पडले तरी बुडत नाही. गोड बिस्किटे, चीज, मीठ लावलेले काही नको. उंदीर चीज खातो ही चित्रांतली गोष्ट आहे, तिला आपले दाणेच आवडतात.

याउपर करायचे ते फार थोडे, आणि मुलांना तेच सर्वांत जड जाते : तिला एकटी सोडा. पहिले आठ-दहा दिवस करवंटी उचलायची नाही, पिल्ले मोजायची नाहीत, शेजारच्या मुलांना दाखवायची नाहीत. फार छेडलेली आई घाबरून स्वतःची पिल्ले मारून खाते. ती दुष्ट असते म्हणून नव्हे. ही जागा पिल्लांच्या लायकीची नाही असा तिचा समज होतो. संध्याकाळी एकदा दाणे नि पाणी बदलावे, एवढेच. फारच काळजी वाटली तर कान लावून ऐका. आत शांतता असेल तर सारे ठीक. सतत चिरचिर चालू राहिली तर आई पाजत नसावी, किंवा गारठा लागत असावा.

जन्मतः पिल्लू जेमतेम एक ग्रॅमचे असते. कातडी इतकी पातळ की प्यालेले दूध पोटात पांढरा पट्टा होऊन बाहेरून दिसते. तीन-चार दिवसांनी कान सुटे होतात. आठवड्यानंतर अंगावर लव दिसू लागते. दोन आठवड्यांच्या सुमारास डोळे उघडतात आणि पिल्ले आईमागून दाणे कुरतडू लागतात. तीन आठवड्यांत दूध सुटते. मुलांनी याची वही ठेवली तर शाळेच्या पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त शिकतील.

आई मेली नि नुसती पिल्लेच उरली, तर काय? इथे आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. डोळे न उघडलेली पिल्ले हाताने वाढवायची म्हणजे रात्रंदिवस दर दोन तासांनी थेंब-थेंब पाजणे, सतत ऊब देणे, आणि आई जिभेने करते तसे प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पुसून त्यांना शी-शू करायला लावणे. गाईचे दूध त्यांना पचत नाही. एक थेंब श्वासनलिकेत गेला की पिल्लू संपते. इतके करूनही बहुतेक पिल्ले दगावतात. कापणीच्या दिवसांत कोणत्या शेतकरी घरात एवढी उसंत आहे? डोळे उघडलेली, केस आलेली पिल्ले असतील तर मऊ भात, नाचणीची पातळ पेज नि ऊब यांवर ती निभावतात. अगदी लहान असतील तर गुरांच्या डॉक्टरांकडे न्यावी आणि त्यांना शांत मरण द्यावे. मुलांना खरे कारण सांगावे. उपाशी, गार पडून दिवसभर तडफडण्यापेक्षा ते बरे.

आता आरोग्याची गोष्ट. ती सर्वांनी नीट वाचावी, उंदरीण पाळणार नसाल तरीही. लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदीर, घुशी, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून पसरतो. त्याचे उग्र रूप, म्हणजे काविळीसह येणारा ताप, जर्मन डॉक्टर आडोल्फ वाइल यांनी १८८६ साली वर्णन केले. रोगी उंदीर बाहेरून धडधाकट दिसतो. जंतू ओल्या मातीत नि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे जगतात आणि पायाच्या भेगा, विळ्याचे काप, डोळे, तोंड यांतून शरीरात शिरतात. ताप लगेच येत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, कधी महिन्याभरानेही येतो. एकाएकी हुडहुडी, डोके ठणकणे, पोटऱ्या धरणे, डोळे लाल होणे ही लक्षणे. पुढे कावीळ, लघवी कमी होणे, खोकल्यातून रक्त येणे. वेळेवर गेले तर साध्या प्रतिजैविक गोळ्यांनी माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होतात.

दुसरा ताप स्क्रब टायफस. उंदरांच्या अंगावर नि गवतात राहणाऱ्या सूक्ष्म गोचिडीसारख्या किड्याच्या पिल्लाच्या चाव्याने तो येतो. चावलेल्या जागी, पुष्कळदा काखेत किंवा जांघेत, विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, पण दुखत नसल्याने कोणी लक्ष देत नाही. गोव्यातही याचे रोगी सापडले आहेत. म्हणून कापणीनंतर ताप आला तर आरोग्य केंद्रात "फ्लू असेल" असे आपणच ठरवून सांगू नका. "शेतात अनवाणी होतो, उंदराचे घरटे उचलले होते," हे एक वाक्य डॉक्टरांना सांगा. त्यावरून त्यांना योग्य तपासणी सुचते नि दोन-तीन दिवस वाचतात. त्या दोन-तीन दिवसांवर जीव अवलंबून असतो.

तेव्हा डब्याचे काम एकाच मोठ्या माणसाने करावे, रबरी हातमोजे घालून, हाताला जखम नसताना. मुलांनी पाहावे, हात लावू नये. गरोदर बाईने डब्याजवळही जाऊ नये, कारण घरउंदरांच्या अंगी असणारा एक विषाणू पोटातल्या बाळाला अपाय करतो. उंदीर चावला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धनुर्वाताची सुई लागते का ते ते पाहतील. उंदरापासून रेबीज होण्याची शक्यता फारच कमी, परंतु चाव्यानंतर काही दिवसांनी ताप नि सांधेदुखी सुरू झाली तर पुन्हा दाखवायला जावे.

सोडण्याची वेळ पिल्ले एकवीस ते चोवीस दिवसांची झाली की येते. जन्मदिवस ठाऊक नसेल तर डोळे उघडल्यापासून आठ-दहा दिवस मोजा. त्याहून उशीर करू नका. उंदरीण व्यायल्यानंतर एका दिवसातच पुन्हा गाभण राहू शकते. बाहेरून पकडलेली असेल तर दुसरी वीण तिच्या पोटात असण्याचा संभव असतो. शिवाय दीड महिन्याची पिल्ले स्वतःच विणीला येतात. दयेपोटी ठेवलेला एक डबा पावसाळ्यापर्यंत सबंध गोठा भरून टाकील.

कुठे सोडायचे, यावर आमच्या गावांत भांडणे झालेली आहेत. दुसऱ्याच्या शेतात सोडू नये. आपली पीडा शेजाऱ्याच्या दारी टाकून दयाधर्म होत नाही. गावच्या वस्तीपासून नि भातशेतीपासून दूर असलेला सडा, काजूच्या बागेवरचा झाडोरा, दगडांच्या फटी असलेला डोंगरउतार पाहावा. आपल्या दोन्ही तालुक्यांत अशा जागांची वाण नाही. संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर डबा आडवा करून जाळी काढावी, मूठभर दाणे तिथेच टाकावेत आणि निघून यावे. त्यांतली काही घुबडाच्या नि धामणीच्या तोंडी जातील. त्यांनाही पिल्ले आहेत, आणि कोठीतले उंदीर कमी राखतात ते तेच. म्हणून धामण दिसली की काठी शोधणाऱ्यांनी जरा हात आवरावा.

रिकामा डबा सुका झाडू नका; धूळ नाकात जाते. लिटरभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे ब्लिचिंग पावडर मिसळून ते पाणी आतल्या तुसावर ओता आणि पंधरा मिनिटे थांबा. मग सगळे खोल खड्ड्यात पुरा. करवंटी जाळा. हातमोजे घातलेलेच असताना साबणाने धुवा, मग काढा नि हात पुन्हा धुवा. डबा पुन्हा त्याच पाण्याने धुऊन तीन दिवस कडक उन्हात उपडा ठेवा. त्यात धान्य किंवा बियाणे भरू नका. माडाच्या मुळाशी पाणी घालायला तो उपयोगी पडेल. आणि ज्या दिवशी घरटे प्रथम उचलले ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे डबा गेल्यावरही महिनाभर कोणाला ताप आला तर डॉक्टरांना नेमका दिवस सांगता येईल.